नेढं

आमचं दुकान वेंगुर्ल्याच्या बाजारात, मासळीच्या उताराला.
खिळे किलोवर, सुंभ वावावर,
आणि दाराशी एकीत एक अडकवून रचलेल्या
बिनदांड्याच्या कुदळी.
दांडा वेगळा पडतो. किंजळीचा स्वस्त, खैराचा महाग.

उधारीच्या वहीत शेवटच्या पानावर
बाबा गिऱ्हाइकांचे शब्द लिहून ठेवत.
उद्या कोण काय मागेल,
आणि वस्तू समोर असून आपण 'नाही' म्हणून बसू.

निंगव्वा, रस्त्याच्या कामावर विजापुराकडून आलेली: गुद्दली.
लोकेंद्र, मठच्या वरच्या बागेत राखणीला: कोदालो,
उतारावरून नारळ सोडावा तसा म्हणायचा.
दाऊद खटखटे कुवेतहून परतला
तो पहिला अख्खा दिवस मिसहा, मिसहा,
मग आपणच कपाळावर हात मारून,
'अरे कुदळ रे, माका कुदळ व्हयी!'
आणि एक म्हातारी, पणजीला कॉन्व्हेंटच्या बागेत पोरवय गेलेली,
तिनं एंशाद मागितली.
बाबांनी तीनदा वदवून घेतला शब्द
आणि पुढे लिहिलं: पातं रुंद. आपली नव्हे.

प्रभुखानोलकर मास्तर म्हणत, मूळ संस्कृत, कुद्दाल.
निंगव्वाचा मुकादम म्हणे, छे, आमच्याकडूनच उचललात.
बाबा दोघांना चहा सांगत.
'लोखंड घाटावरचं, धार मातोंडच्या लोहाराची.
शब्दाचं बिल कुणी जपून ठेवलंय?'

मग एका सकाळी बाबांच्या उजव्या हातातून
कप पडला,
आणि तोंडातून नावं.
माझं राहिलं, पण मागच्या अर्ध्यानं. प्रमिला नव्हे, मिला.

कुडाळच्या डॉक्टरीणबाई चित्रांचे पत्ते दाखवत.
गाय. छत्री. कप.
कप पाहून बाबा म्हणत, तो. तो तो.
दर बुधवारी एसटीनं जाऊन-येऊन.
खिडकीशी बसून मला एकदा हसूच फुटलं,
आमची हरवली कुदळ
आणि आम्ही शोधतोय कुडाळात.
कंडक्टरनं वळून पाहिलं.

घरी मी चित्र नाही दाखवलं. खरीच आणून
त्यांच्या मांडीवर ठेवली, थंड, तेलकट.
त्यांनी डाव्या हाताचं बोट नेढ्यात घातलं,
दांडा बसतो त्या भोकात,
आणि फिरवत राहिले,
सैल झालेल्या अंगठीसारखं.
'ह्येका काय म्हणतत, बाबा?'

बाहेर कुणीतरी सुंगटं विकत गेलं. परतही आलं.

'गुद्दली.'

स्वच्छ. 'द'वर नीट जोर देऊन. थेट निंगव्वाच्या तोंडचा.

मला आनंद झाला. पण खरं सांगते,
त्याच्या आधी हेवा वाटला.
सत्तर वर्षं घरात वापरलेला गेला,
आणि हा उसना टिकला.

मग मी वही काढली. शेवटचं पान.
मी म्हणायचं, त्यांनी मागून.
मिसहा. ओठ जुळले, सुटले.
कोदालो. इथे हसले.
एंशादला मान हलवली, आणि डाव्या हाताची दोन बोटं
ताणून फाकवली, रुंद, रुंद.
आपली अजून आलेली नाही.
मी रोज विचारत नाही आता.

काल लोकेंद्र आला दुकानात, दांडा खिळखिळा.
बाबा गल्ल्याशेजारी स्टुलावर.
त्यांनी डब्यातून एक पाचर उचलली, ठेवली,
दुसरी उचलली,
नेढ्याच्या फटीत उभी धरली.
मी हातोडी मारली, बोट वाचवून.
मारली. अजून एक.
तोवर तिघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

मग बाबा म्हणाले, 'बसलो.'

दांडा, की ते स्वतः,
लोकेंद्रनं विचारलं नाही. मीही.