टप्पा कुठे पडतो

येलिसेईने काल रात्री
तिसऱ्या दर्जाचं रॉकेट पुरं केलं.
अकरा दिवस लागले. त्यातले चार
नुसतं टायटॅनियम खणण्यात गेले
आणि एक रुसण्यात,
कारण शेंड्याचा शंकू वाकडा बसला होता.

मला त्या खेळातलं फारसं कळत नाही.
इतकंच, की मूळ खेळात चंद्र नुसता टांगलेला होता,
मग कुणा हौशी पोरांनी त्यावर मॉड चढवला
आणि आता तिथे पाय ठेवता येतो.
पहिल्या दर्जाचं रॉकेट चंद्रापर्यंत,
दुसऱ्या दर्जाचं मंगळापर्यंत,
तिसऱ्याला म्हणे अंतर अडवत नाही,
अडवलं तर इंधन.

मी शेडमध्ये होडी ठोकत होतो.
आमच्याकडे, मेझेनच्या काठी, होड्या आभाळातून येतात.
तळावरून रॉकेट सुटतं,
त्याची रिकामी टाकी दलदलीत पडते.
बर्फ घट्ट झाला की स्लेजवर घालून आणायची,
उभी चिरायची, कडा वळवायच्या.
पत्रा इतका हलका की दोघांनी होडी खांद्यावर न्यावी,
इतका चिवट की खडकावर घासली
तर चरा उमटतो, भोक नाही.
फक्त आधी आतून धुवून घ्यायची. नीट. दोनदा.
माझ्या भावाने, अर्सेनीने, धुतली नव्हती.
त्याबद्दल आम्ही जेवताना बोलत नाही.

"बाबा, सुटतंय!"
हातोडा हातात तसाच घेऊन गेलो.
पडद्यावर ठोकळ्यांचं गवत, ठोकळ्यांची मेंढी,
मेंढीच्या बाजूला माझ्या पोराचं रॉकेट,
उंच, लाल पट्ट्याचं,
आमच्या गावात एवढं उंच काहीच नाही.
तो मोठ्याने आकडे मोजत होता,
आवाज नुकता फुटलाय त्याचा:
सात घोगरा, सहा किनरा.

धूर. मेंढी हललीसुद्धा नाही.
जमीन खाली गेली, नदी सुतळीएवढी झाली,
मग पहिला टप्पा सुटला
आणि दिसेनासा झाला.

"पडला कुठे?"
"कोण?"
"टप्पा."
"तो पडत नाही, बाबा. सुटला की संपला."

मला हसू आलं, ते त्याला लागलं.
म्हटलं, अरे, सुटलेलं सगळं पडतं,
कुणाच्या तरी अंगणात पडतंच.
तो काही बोलला नाही.
त्याचं रॉकेट एका निळ्या चंद्रावर उतरलं,
परतीचं इंधन नव्हतं, ते त्याच्या नंतर लक्षात आलं.

मग पंधरा दिवस शाळेतून आला की दार बंद.
ताइसिया म्हणाली, पोरगं वाळत चाललंय.
काहीतरी लिहीत होता, खोडत होता,
मॉडचं पोट उघडून त्यात हात घालून बसला होता.
शनिवारी त्याने नवं रॉकेट सोडलं
आणि पहिला टप्पा
याकुत्स्कच्या सारगिलानाच्या काचघरावर कोसळला,
तिच्या पिकल्या गव्हासकट.
तिने हेडफोनमधून त्याला जे ऐकवलं
ते याकुत भाषेत होतं, पण मला शेडपर्यंत कळलं.
संध्याकाळी तिनेच त्या पत्र्याचं दार केलं.
चांगलं दार आहे म्हणे. वाजतं फार.

आज येलिसेई शेडमध्ये आला.
होडीच्या कडेवरून बोट फिरवलं,
ही वळवलीस कशी, विचारलं,
किती गरम, किती ठोके, रिव्हेट किती अंतरावर.
त्याला खेळात होडी करायची आहे,
त्या निळ्या चंद्रावर समुद्र आहे.
मी सांगत गेलो, तो वहीत उतरवत गेला.
शेवटी म्हटलं, पण आधी धुवायची.
"खेळात विष नाहीये," तो म्हणाला.
थोडा वेळ कानशीच्या डब्याशी खेळला.
"घालतो," म्हणाला,
आणि तेही लिहिलं.

काकाचं नाव त्याने घेतलं नाही.
मी हातमोजे काढून त्याला दिले.
अजून मोठे होतात.