ळ

भाड्यातच वीज.
फहाहीलला उतरल्या दिवशी हे ऐकलं
तेव्हा त्याची किंमत कळली नव्हती.
दोन हजार अकराच्या जूनमध्ये कळली:
बाहेर अठ्ठेचाळीस अंश, आत तीन ग्राफिक कार्डं
मोसंबीच्या खोक्यात उघडी टांगलेली,
खिडकीचा एसी त्यांच्याच तोंडावर.
उरलासुरला गारवा आम्हा दोघांचा.

इमारतीचा हारिस, मिसरी, दाराला कान लावून म्हणाला,
आत काय दळताय?
जोकीम डाबरे म्हणाले, नाणी.
हसत गेला.
तेव्हा खरं बोलण्याइतकं सुरक्षित
दुसरं काही नव्हतं.

बाकीचे भिशी लावत,
सूकमध्ये तोळा तोळा मोजून घेत,
आम्हाला म्हणत उंटावरचे शहाणे.
म्हटलं, देशच उंटांचा आहे.

मला नुसतं कुतूहल. डाबऱ्यांकडे कारण होतं.
नव्वदच्या ऑगस्टात ते इथेच होते.
जगातला सगळ्यात महाग दिनार
बँकेच्या शटरमागे राहिला,
खिशातला रस्त्यात रोज थोडा थोडा मेला.
जॉर्डनच्या सरहद्दीवरच्या छावणीत
एका बिस्किटपुड्याला त्यांनी घड्याळ दिलं.
बनियनच्या शिवणीतली साखळी
त्याआधीच एका नाक्यावर शिपायाच्या बोटांना लागली होती.
सोनं हाताला लागतं, ते म्हणायचे, हाच त्याचा दोष.
आणि:
विश्वास पानिपतावर गेला, पोरा.
माझा थोडा उरला होता, तो बँकेत.

विकत घेतली ती एकदाच,
एका लेबनानी औषधवाल्याकडून, चहाच्या टपरीवर.
त्याने आमच्या नोटा उजेडात धरल्या.
आम्ही लॅपटॉपवर सहा वेळा खात्री पटेपर्यंत बसलो.
तीन चहा झाले.
कुणी कुणावर रागावलं नाही.

ठेवायची कुठे?
पेन ड्राइव्हवर, म्हटलं. झडती, म्हणाले.
कागदावर. झडती.
मग त्यांनी कपाळाला बोट लावलं.
एक वाक्य. आपलं, लांब, कुठेही न छापलेलं.
त्यातूनच किल्ली निघते, बाकी काही लागत नाही.
आणि वसईच्या घरामागचं पाणी आठवून म्हणाले:
बावखलातल्या काळ्या गाळाला केळीची मुळं ओळखतात.

कीबोर्ड इंग्रजी. टाइप त्यांनी केलं.
मी रीत म्हणून पाठ फिरवली.
वाक्य दोघांना पाठ,
अक्षरं एकट्यांना.

दोन हजार सोळाच्या उपवासकाळात डाबरे वारले, वसईतच.

आता भाव टीव्हीवर सांगतात.
हारिससुद्धा विचारतो, दळण चालू आहे का.
मी चिलरची पाळी संपवून येतो आणि बसतो.
ळ म्हणजे एक एल की दोन?
काळ्या, एका ए ने की दोन?
मुळंवरचा अनुस्वार लिहिला की गिळला?
यंत्राला कामाला लावलं, त्याने लाखो तऱ्हा पाहिल्या.
कदाचित तोंडाने मला सांगितलं एक
आणि बोटांनी लिहिलं घरच्या बोलीत.
कुलूप, किल्ली, दोन्हीत ल साधाच आहे.
आमचा मेला पाच ठिकाणी वळलेला.

शेवटी त्यांच्या मुलीला विचारलं, ग्लॅडिसला:
पप्पा इंग्रजी अक्षरांत ळ कसा लिहायचे?
थांबा, म्हणाली.
तीन दिवसांनी फोटो आला, शेवटच्या वर्षाच्या वहीचा.
दुधाचा हिशेब, गोळ्यांच्या वेळा,
मधेच, केळी दोन डझन.
देवनागरीत.
ळ ठसठशीत, दोन्ही पोटं गोल,
शाई थोडी फुटलेली.

खाली तिने लिहिलं होतं, एवढ्यासाठीच?
एवढ्यासाठीच, म्हटलं.

फोटो जपून ठेवलाय.
कुठे, ते सांगणार नाही.