निळा सोडून

वीतभर कागद. मढचा किनारा, ओहोटीचा.
तळपदेमास्तरांनी समुद्र केलाय
हळदीत राख कालवावी तसा,
आणि आकाश म्हणजे जांभळाचा डाग,
धुऊनही न गेलेला.

वलांड्यांवर बोंबील नाहीत,
नुसते उभे-आडवे फराटे;
एका फराट्यात बोटाचा ठसा उमटलाय,
तो बहुधा माझाच.
मी अकरा वर्षांची, पाण्याचा डबा धरून बसलेली.

"मास्तर, समुद्र असा कुठं असतो?"
"निळा संपला गं," म्हणाले,
आणि खडकांच्या कडेनं
कुंकवासारखी एक रेघ ओढून
बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले,
लांबून कुणी हाक मारावी
आणि नाव नीट ऐकू येऊ नये, तसे.

समोरचा समुद्र, खरं तर, निळा तोही नव्हता.
मळका, चहाच्या गाळासारखा, बिनतक्रार.

परवा त्यांची गिरगावातली खोली रिकामी केली.
पत्र्याच्या पेटीत पिवळ्या-जांभळ्या नळ्या
तळापासून पिळून, गुंडाळून, चपट्या झालेल्या.
निळी मात्र अख्खी.
झाकणसुद्धा फिरवलेलं नाही.
आत रंगाचा दगड.

चित्र आता माझ्या भिंतीवर.
शेजारच्या मिठबावकरकाकू विचारतात,
उन्हानं उडाले का हो रंग?
मी नाही म्हणत नाही.

संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी,
ती कुंकवाची रेघ
खडकांवर थोडी वर सरकलेली दिसते.
भरती लागली असावी.