मीटर किती उंचावर आहे

बदलीची ऑर्डर आली तेव्हा नकाशात मी आधी शाळा शोधली,
मग आईंच्या गुडघ्यांसाठी दवाखाना.
निनादने भाडी शोधली.
नदी कुणीच शोधली नाही.
आम्ही खामगावकडची माणसं,
नळाला आठव्या दिवशी पाणी;
घर बघायला गेलो की
टाकीचं झाकण उघडून आत वाकणारी.

चौगुलेंनी एका रविवारात चार घरं दाखवली.
पुढे त्यांची स्कूटी, मागे रिक्षात आम्ही तिघं
आणि रिक्षातही खिडकी मागणारी जुई.

विश्रामबागेतलं घर छान होतं, म्हणजे आमचं नव्हतं.
भाडं ऐकून आईंनी नुसतं पाणी मागितलं.
दुसऱ्या घरी आडनाव दोनदा विचारलं,
मग, "रविवारी जेवायला काय असतं?"
किती सोज्वळपणे.

तिसरं शामरावनगरात.
दारात चिक्कू, शाळा हाकेवर,
ओट्यावर सकाळचं ऊन येईल अशी खिडकी.
जुईने खोली वाटूनसुद्धा घेतली.
मी मीटर बघत होते.
बारा वर्षं महावितरणच्या बिलिंगला काढली,
कुणाच्याही घरी गेले तरी डोळे तिकडेच जातात.
मीटर छताला टेकलेला.
शेजारचाही. समोरचाही.
सगळ्या गल्लीने एकदम हात वर केल्यासारखे.

"पोरं हात लावत्यात म्हणून," चौगुले म्हणाले.
मग किल्ली बोटाभोवती फिरवत,
"हितं पाणी येत न्हाई ओ मॅडम.
आणि आलंच, तर सगळ्या सांगलीत येतंय."

"कशाला खोटं बोलताय, अण्णा?"
बेबीताई मगदूम, घरमालकीण, चहाचा ट्रे घेऊन उभ्या.
ट्रे तसाच एका हातात धरून
त्यांनी दाराचा पडदा सारला.
चौकटीवर खिळ्याने ओढलेल्या रेघा:
प्रसाद पहिलीत, प्रसाद चौथीत,
शीतल नापास झाली ते वर्ष.
आणि सगळ्या पोरांच्या वर
निळ्या ऑइलपेंटची एक. एकोणीसचं पाणी.
तिच्याखाली एकवीसचं.
जुई लगेच पाठ लावून उभी राहिली, टाचा टेकवून.
"मी एवढी कधी होणार?"
चहा कुणीच उचलेना.

"सामान माळ्यावर टाकायला दोन तास लागत्यात," बेबीताई म्हणाल्या,
"घरातनं चिखल काढायला महिना.
बाकी अकरा महिने लई भारी घर हाय बघा."

चौथं घर कुपवाडच्या माळावर.
झाड म्हणावं असं काही नाही,
एमआयडीसीचा भोंगा थेट उशाशी,
बोअरचं पाणी एवढं जड
की डाळीला चार शिट्ट्या जास्त.
शाळेला दोन बस.
मीटर माझ्या नजरेसमोर.
टाच न उचलता मी आकडा वाचला.
"हेच," म्हटलं.
जुई रडली, चिक्कूसाठी.
मीही थोडी, ओट्यावरच्या उन्हासाठी,
पण ते डिपॉझिटची पावती लिहिताना, म्हणून कळलं नाही.

चार दिवसांनी बेबीताईंचा फोन.
"ठरलं का कुठं?"
खोटं बोलणं जमलं नाही. "कुपवाडला."
"बरं केलंसा. उंचावर हाय."
मग थोडा वेळ त्यांच्याकडची कुकरची शिट्टी.
"किती खोल्या?"
दोन म्हणायचं माझ्या जिभेवर होतं.
"तीन," म्हटलं. "आणि गच्ची."
"मग ऑगस्टात…"
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही,
मीही विचारलं नाही.
नंबर मात्र जपून ठेवला,
गॅसवाल्याच्या आणि शाळेच्या मधे.

आता जुलै निम्मा सरलाय.
ऑफिसात सकाळी कुणी तब्येत विचारत नाही,
पुलाखाली किती फूट, एवढंच विचारतात.
बाहेरच्या खोलीत आम्ही अजून काही मांडलेलं नाही.
निनादला तिथे सोफा हवाय.
आई रोज ती कोरडी फरशी पुसून घेतात
आणि विचारतात,
आपल्याकडे इथं येणार कोण आहे एवढं?