हातचा

मिलवॉकीच्या कोर्टात माझं काम एवढंच:
सकाळी आठला बुश्कोच्या दुकानातून सॉसेज आणायचं.
कातडीसकट. फ्रीजमधलं नको, कोमट.
फिरत्या पात्याला ते बोट वाटलं पाहिजे.

आमचे वकील पेटिबोन ते फळीवर ठेवतात
आणि काठीने पुढे सारतात.
ठक्.
पातं अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात रुतून बसतं.
ज्युरीतली हिरव्या स्वेटरची बाई दरवेळी दचकते.
सॉसेजवर ओरखडा, दाढी करताना लागतो तेवढा.
पाच सहस्रांश सेकंद, पेटिबोन सांगतात.
खटल्याचं हे नववं वर्ष.

समोरचे म्हणतात, तुमचं पातं रुततं,
आमचं खाली सुटतं, आणि पुन्हा चालतं.
रुतणे. सुटणे.
दोन क्रियापदांना सहा वकील.
दावा क्रमांक सतरा, चौथी ओळ, एक स्वल्पविराम:
त्याच्यावर गुरुवारची अख्खी दुपार गेली.

मग समोरच्यांनी आर्न स्कोग्लुंडला बोलावलं.
शेबॉयगनचा. स्वयंपाकघरातली कपाटं करतो.
शपथेला वर केला तो उजवा हात, शाबूत.
डावा कोटाच्या खिशात.
त्याने सुटणारी करवत मागवली होती, आगाऊ पैसे भरून.
मनाईहुकूम आला, खोकं शिकागोच्या गोदामात अडकलं,
ऑर्डरी तर थांबत नव्हत्या,
म्हणून बापाची जुनी करवतच
चालू ठेवली त्याने
मार्चपर्यंत.

पेटिबोन उठले. हरकत.
न्यायाधीशबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
प्रश्न पेटंटचा आहे, बोटांचा नाही.
ज्युरीने ऐकलेलं विसरावं.
हिरवा स्वेटर या खेपेला दचकला नाही.

जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या बाकावर येऊन बसला.
साक्षीदाराच्या प्रवासखर्चाचा फॉर्म मांडीवर.
शेबॉयगन ते कोर्ट सत्तावन्न मैल,
जाऊन येऊन किती?
सॉसेजची पिशवी मी पायाने बाकाखाली ढकलली.

त्याने डावा हात बाहेर काढला,
शाळेतल्या पोरासारखा पुटपुटला:
सात आणि सात चौदा,
चौदाचे चार,
हातचा एक.

आणि तो हातचा
जिथे करंगळी असायची
तिथे धरून ठेवला.

पाच आणि पाच दहा, आणि हा एक, अकरा.
एकशे चौदा.

बरोबर आहे ना, त्याने मला विचारलं.