पिवळी पाकिटं

दर गुरुवारी साडेसहाला
हडर्सफील्डच्या वाचनालयामागच्या खोलीत
मी गावचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचते,
ज्यांना ते दिसत नाही त्यांच्यासाठी.

हीटर आहे, पण लावायचा नाही,
त्याची घरघर मुद्रणात उतरते.
म्हणून अंगात कोट, तोंडासमोर मायक्रोफोन,
आणि डोरीन बोट वर करते : हं.

हिरव्या डब्यातला कचरा या खेपेला बुधवारी.
कालव्याचं फाटक दुरुस्तीसाठी बंद.
मार्सडनहून मांजर हरवलंय, एक कान तुटका,
बिस्किट म्हटलं की येतं.
निधनवार्ता, तीन.

मग एकशेबारा पिवळी पाकिटं भरायची.
पत्त्याची चिठ्ठी उलटी केली
की पाकीट आपल्याच घरी परत येतं.
या टपालाला तिकीट लागत नाही.

डोरीननं विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं,
अहो, माझं इंग्रजी कोल्हापूरचं.
ती म्हणाली, आमचं तरी कुठलं लंडनचं?

खरं सांगायचं तर
मोरेश्वर गेल्यावर घरात बोलत होती ती केटल,
तीही उकळली तरच.
एकदा दुकानात नुसतं 'थँक यू' म्हणायला गेले
तर आवाज फाटका निघाला,
ट्रंकेत राहून घडीवर विरलेल्या
साडीसारखा.

तिसऱ्या आठवड्यात
परत आलेल्या एका पाकिटात चिठ्ठी,
शेजारणीकडून लिहून घेतलेली :
"बाईंना सांगा, स्लेथवेट नव्हे, स्लॉविट.
इथं जन्मलो, मरणारही इथंच,
गावाचं नाव तरी धड ऐकू द्या.
आर्नल्ड सायक्स, वय एक्याण्णव."

कानशिलं तापली.
दोन दिवस मनातल्या मनात भांडले त्याच्याशी,
मराठीत, त्यामुळे जिंकले.
तिसऱ्या दिवशी फोन लावला.

स्लॉविट, म्हटलं.
पुन्हा, म्हणाला.
स्लॉविट.
हं. आता तुमचं नाव सांगा.
हळबे.
हॅल्बी.
नव्हे. जीभ मागं वळवा, टाळूला टेकवा,
आणि सोडून द्या.
पलीकडून बराच वेळ
बशीत काहीतरी सांडल्यासारखा आवाज.

मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी म्हणतं,
केवढं पुण्य जोडताय हो.
पुण्याचं मला कळत नाही.
काही गुरुवारी तर जावंसंच वाटत नाही,
बर्फ असतो, गुडघा असतो,
आणि बस असतेच असं नाही.
पण गुरुवारी रात्री मला भूक लागते.
वरणभात दोनदा वाढून घेते,
लिंबाची फोड शोधते.
मला एवढंच सांगता येईल.

मधे सायक्सच्या शेजारणीचा निरोप आला :
म्हातारा सकाळ-संध्याकाळ सराव करतो,
कुत्रं कॉटखाली जाऊन बसतं.

काल फोन वाजला.
"मिसेस हळ्‌बे?"
अजून ळ नव्हता तो,
पण ल-ही उरला नव्हता.
मधेच कुठंतरी, चढावर दम घेणाऱ्या
बससारखा थांबलेला.

मी म्हटलं, जवळ आलात.
तो म्हणाला, तुम्हीसुद्धा.
मग त्यानं विचारलं,
ते मांजर सापडलं का?