विसरलो, म्हटलं

गाडी दोन हजार तीनची, पांढरी,
डाव्या कुशीला पोचा.
ह्यांनी घेतली तेव्हाच जुनी होती.
मला आधी गिअर नाही, दार शिकवलं:
आतली खुंटी दाब, उतर, दार लाव.
दाबली, उतरले, लावलं.
टक्. खुंटी परत वर.

"बघितलंस? बाकीची तिन्ही दारं खुळी,
दाबशील तशी बसतात.
हे एक शहाणं.
किल्ली आत राहील म्हणून कुलूपच धरत नाही."
"आणि मुद्दामच लावायचं झालं तर?"
"मग बाहेरचं हँडल उचलून धर, अन् तसंच लोट.
म्हणजे तिला कळतं,
बाई शुद्धीवर आहे."

उद्यमनगरात उभे होतो आम्ही,
चपलांत फौंड्रीची काळी वाळू.
दस्तगीर शिकलगार हसला होता.
त्या दाराची स्प्रिंग त्यानंच बदललेली.

सतरा वर्षं.
किती काय विसरलो आम्ही!
दूध गॅसवर, छत्री जयसिंगपूरच्या बस्तीत,
दुसरी किल्ली कुठं ठेवली ते.
शेवटच्या वर्षी ह्यांना माझं नाव आठवेना.
नुसते गाडीत जाऊन बसत,
उतरताना किल्ली तशीच लटकत सोडून
सवयीनं खुंटी दाबत.
टक्.
दर खेपेला टक्.

परवा रात्री साडेबाराला अभिनंदन आला.
बडीशेप इतकी चघळलेली
की दुसरा वास उलट वर आला.
खाली शाहूपुरीच्या चौथ्या गल्लीत
तिघं पोरं भिंतीला टेकून.
"गगनबावड्याला जाऊन येतो, आई. धुकं बघायला."
धुकं. घाटात. ह्या वेळेला.
तोंड धुवायला मोरीत गेला.
किल्ली टीव्हीवर होती.

लपवली असती तर मागितली असती.
मुठीत धरली असती
तर एकेक बोट उलगडलं असतं त्यानं माझं,
जशी मी त्याची उलगडायची
पाटीवरची पेन्सिल खाल्ली का बघायला.

खाली गेले. किल्ली सीटवर टाकली.
खुंटी दाबली, दार लावलं.
टक्.
पुन्हा लावलं.
टक्.
"काकू, काय झालं?" एक पोरगं.
काही नाही रे बाबा,
गाडी विचारायलीय मला.

मग हँडल उचललं.
गार होतं, दवानं ओलं.
उचललेलं धरूनच दार लोटलं, हळू,
आवाज मोरीपर्यंत जाऊ नये इतकं.

खुंटी खालीच राहिली.
काचेतून किल्ली दिसत होती,
फाटक्या रेक्झिनवर,
कुणाचीच नसल्यासारखी.

पुढचं सांगण्यासारखं नाही.
दाराला एक लाथ, मला दोन शब्द.
पोरं कंटाळून गेली.
हा जिन्याच्या पायरीवर बसला,
बसल्या बसल्या कलंडला.
मी वर गेले नाही.

सकाळी सातला दस्तगीर,
स्कूटीच्या डिकीत पोलादी पट्टी, लाकडी पाचर.
काचेच्या रबरातून पट्टी आत सारली,
दाराला कान लावून चाचपडत राहिला.
"वैनी, आत कशी राहिली?"
"विसरलो."
"ह्या दाराला?"

मी पदराचं टोक बघत उभी.
त्यानं पायरीकडं बघितलं.
बुटांसकट झोपलेलं पोरगं,
तोंड उघडं, बापासारखं.
पट्टी जरा थांबली.
"हां," म्हणाला, "जुनी गाडी.
स्प्रिंग दगा देती कधी कधी."

आतून खट्ट झालं, दार उघडलं.
किल्ली माझ्या हातात दिली,
दीडशेच घेतले.
निघताना, मी बघत नाही असं समजून,
हँडल न उचलता
एकदा दार लावून बघितलं त्यानं.

टक्.